सगळ्यात कडक स्प्रिंग कुठली?

मोटारसायकलचं इंजिन ‘रेसचं’ करून घ्यायला येणारी मुलं पहिल्या पाच मिनिटांत एक प्रश्न हमखास विचारतात, "काका, सगळ्यात कडक व्हॉल्व्ह-स्प्रिंग कुठली मिळेल?" डॉक्टरकडे जाऊन सगळ्यात मोठी गोळी मागावी, तसा हा प्रश्न आहे.

कॅम व्हॉल्व्ह उघडतो आणि स्प्रिंग तो मिटवते, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण स्प्रिंगचं अवघड काम त्याआधीच सुरू होतं. व्हॉल्व्ह पूर्ण उघडत आला की कॅमचा उतार सुरू होतो, आणि वेगात असलेला व्हॉल्व्ह मात्र सरळ पुढेच जाऊ पाहतो. त्याला आवरायचं आणि कॅमला धरून परत वळवायचं, ते स्प्रिंगनं. मिनिटाला ९००० फेऱ्यांवर फोर-स्ट्रोक इंजिनाचा प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ७५ वेळा उघडतो आणि मिटतो. लागणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. फेरे २० टक्क्यांनी वाढवले, तर जोर ४४ टक्के जास्त हवा. तो कमी पडला की व्हॉल्व्ह कॅम सोडून तरंगतो, सीटवर आपटून उसळतो, नाहीतर वर येणाऱ्या पिस्टनला गाठतो. भर वेगात इंजिन जाम होऊन मागचं चाक अडकलं, तर नुकसान फक्त पैशांचं राहत नाही. (आरएक्स १०० वाल्यांना ही काळजी नव्हती. टू-स्ट्रोकला ना कॅम, ना ही स्प्रिंग!)

मग कडकच का बसवू नये? कारण तोच जोर कॅम आणि रॉकरवरही पडतो. ते झिजतात, घर्षणात ताकद जाते, स्प्रिंग तापते. म्हणून मी आधी वजन बघतो. व्हॉल्व्ह, रिटेनर, रॉकर हलके झाले, तर मऊ स्प्रिंगही पुरते.

दुसरी गोष्ट मापाची. समजा, स्प्रिंग बसवलेली उंची ३४ मिलिमीटर, तेव्हाचा जोर २५ किलो, आणि दर मिलिमीटरला अडीच किलो वाढ. कॅमची लिफ्ट ८ मिलिमीटर असेल, तर पूर्ण उघडल्यावर ४५ किलो होतात. वेटोळी एकमेकांना टेकतात ती उंची २४ मिलिमीटर असेल, तर २ मिलिमीटर मोकळे राहतात. आता मुलगा ९ मिलिमीटर लिफ्टचा रेसिंग कॅम आणतो, आणि ‘जरा कडक करा’ म्हणून कुणीतरी खाली एक मिलिमीटरचा शिमही घालतो. मोकळी जागा शून्य! स्प्रिंग ठोकळा होते आणि कॅम, रॉकर, पुशरॉड यांपैकी जे कच्चं असेल ते मोडतं. व्हर्नियर धरायला दोन मिनिटं लागतात, पण ती दोन मिनिटं कुणाकडेच नसतात.

तिसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. प्रत्येक स्प्रिंगला स्वतःचं कंपन असतं. कॅमच्या ठोक्यांशी त्याचा मेळ बसला, की वेटोळ्यांतून लाटा धावतात आणि ऐन वेळी जोर नाहीसा होतो. त्यावर उपाय म्हणून आत दुसरी, उलट्या पिळाची स्प्रिंग घालतात. पीळ उलटा असल्यामुळे वेटोळी एकमेकांत अडकत नाहीत. शिवाय एक मोडली, तरी दुसरी व्हॉल्व्हला सिलिंडरमध्ये पडू देत नाही. वर निमुळत्या होत जाणाऱ्या, मधमाश्यांच्या पोळ्याच्या आकाराच्या स्प्रिंगमध्ये सगळी वेटोळी एका तालात येत नाहीत, आणि रिटेनरही लहान लागतो. मला ही जात आवडते.

स्प्रिंगची ही मर्यादा मोठ्यांनाही चुकली नाही. डुकाटीच्या फाबिओ तालिओनी यांनी १९५६ मध्ये व्हॉल्व्ह मिटवायलाही कॅमच लावला. रेनॉनं १९८६ मध्ये फॉर्म्युला वनच्या इंजिनात पोलादी स्प्रिंगच्या जागी दाबाखालचा वायू आणला.

आपल्याला पोलादीच वापरायची आहे, तर ती जपा. पक्कडीत धरू नका, ॲसिडनं धुऊ नका. बारीकसा ओरखडाही पुढे तडा होतो. नवी स्प्रिंग सुरुवातीच्या धावण्यात थोडा जोर गमावते, मग स्थिरावते. म्हणून इंजिन थोडं चालवल्यावर मी जोर पुन्हा मोजतो आणि तो आकडा वहीत लिहितो. पुढे कधी त्यापेक्षा दहा टक्के उतरलेली दिसली, तर सगळा संच बदलतो, एकटी कधीच नाही.