आंब्याची लस्सी

आज मी आपणांशीं एका पेयाविषयीं बोलणार आहें. आपल्या घरांत दहीं घुसळलें जातें तें लोण्यासाठीं, आणि लोणी निघाल्यावर उरलेलें ताक आपण जेवणाच्या शेवटीं भातावर घेतों किंवा वाटीनें पितों. अमृतसरच्या बाजारांत मात्र दहीं लोण्यासकट घुसळून, साखर घालून, वर सायीचा थर देऊन मोठ्या पेल्यांत देतात. ती लस्सी प्यायल्यावर जेवणाची आठवण राहत नाहीं. फळाची लस्सी हें तिचेंच धाकटें भावंड. दह्यांत गोड व सुवासिक कांहीं मिसळण्याची कल्पना आपणांस नवी आहे असें मात्र नाहीं. जुन्या संस्कृत ग्रंथांत वर्णिलेली रसाला दहीं, साखर आणि मसाल्याचे पदार्थ यांचीच होत असे, आणि आपलें श्रीखंड तिच्याच कुळांतलें. ज्या घरांत आम्रखंड होतें त्या घरांत आंब्याची लस्सी परकी वाटण्याचें कारण नाहीं.

इतकी ही सोपी वस्तु. पण फळाच्या लस्सीचा माझा पहिला प्रयोग साफ फसला होता, आणि तो सांगितल्यावांचून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. आमचे मामंजी विषमज्वरांतून नुकतेच उठले होते. तोंडाला चव नव्हती. पेज नको, खिमट नको, फळांच्या रसाचाहि कंटाळा आलेला. ताजें दहीं देण्यास हरकत नाहीं, असें डॉक्टरांनीं सांगितलें तेव्हां मला हायसें वाटलें. मीं अननस आणविला, कच्चाच वाटून गोड दह्यांत घुसळला आणि दुपारीं मामंजी जागे झाले कीं द्यावी, म्हणून ती लस्सी सकाळींच करून फ्रिजमध्यें ठेविली. सकाळीं मीं चाखली तेव्हां ती उत्तम होती. दुपारीं मामंजींनीं एक घोट घेतला, पेला खालीं ठेवला आणि कूस बदलली. बोलले कांहींच नाहींत. मीं चाखून पाहिली तों कडू, जणूं कारल्याचा रस! साखर घालून तो कडूपणा झांकेना. त्या दिवसापासून मी पेला घेऊन खोलींत शिरलें कीं ते विचारीत, “काय आहे त्यांत?” आणि माझें उत्तर पुरें होण्याच्या आंतच “नको” म्हणत. सासूबाईंना तर आयतेंच निमित्त मिळालें. दूध आणि फळ एकत्र करूं नये, हें त्यांचें जुनें म्हणणें होतें.

सासूबाई अगदींच चुकत नव्हत्या. दुधाबरोबर आंबट फळें खाऊं नयेत असें चरकसंहितेंत सांगितलेलें आहे, आणि दुधांत आंबट रस पडला कीं तें नासतें हें कोणतीहि गृहिणी रोज पाहते. पण दहीं हें आधींच आंबलेलें दूध. आंबटपणानें त्याचें आणखी काय बिघडायचें? माझी लस्सी कडू झाली ती दुसऱ्याच कारणानें. कच्च्या अननसांत ब्रोमेलिन नांवाचें एक पाचक द्रव्य असतें. मांसाला अननसाचा रस लावून ठेवला तर तें मऊ पडतें, तें ह्याच द्रव्यामुळें. दुधांतील प्रथिनांचेहि तें बारीक तुकडे करितें आणि त्या तुकड्यांतले कांहीं चवीला कडू असतात. ताबडतोब प्यालें तर कांहीं कळत नाहीं. तास दोन तास जाऊं द्या, मग प्रताप दिसतो. पपई, ताजें अंजीर आणि हल्लीं बाजारांत येणारें किवी हींहि त्याच जातीचीं. उपाय सोपा आहे. अननसाचे तुकडे थोड्या साखरेंत चांगले उकळून शिजवावे आणि पुरते थंड करून मग दह्यांत घालावे. उकळल्यानें तें द्रव्य निकामी होतें. हें मला तेव्हां ठाऊक असतें तर!

आंब्याला हा दोष नाहीं, म्हणून नवशिक्या हातानें आंब्यापासूनच आरंभ करावा. आंबा हापूस असावा. त्याला रेषा नसते आणि रस दाट असतो. पायरीचीहि लस्सी चांगली होते, किंचित् आंबट व पातळ. रायवळ मात्र चोखूनच खावा, कारण त्याचा रस कितीहि गाळला तरी तंतू दांतांत येतात. कोंकणच्या हापूसला 2018 सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, तरी बाजारांत त्या नांवाखालीं दुसरे आंबेहि खपतात. तेव्हां पेटीवरील अक्षरांपेक्षां आपल्या नाकावर विश्वास ठेवावा. आंबे तासभर पाण्यांत ठेवून धुवावे, आणि देंठाकडचा भाग कापून टाकावा. तेथला चीक घशाला खवखवतो, आणि मग उगाच दह्याला दोष येतो.

खरें लक्ष द्यावयाचें तें दह्याकडे. तें आदल्या दिवसाचें आंबट असेल तर कढी करावी. लस्सीच्या नादीं लागूं नये. सायीसकट दूध तापवून बोट सुखानें राहील इतकें कोमट होऊं द्यावें आणि अर्ध्या लिटरला लहानसा चमचाभर विरजण लावावें. वैशाखांत चार-पांच तासांत दहीं लागतें. लागतांच तें थंड जागीं हलवावें, कारण विरजणांतले जंतु उन्हाळ्यांत थांबत नाहींत. दुधांतल्या साखरेचें आम्ल करण्याचें त्यांचें काम चालूच राहतें आणि तासातासाला आंबटपणा वाढतो. दह्यावर पाणी सुटलें असेल तर तेवढें ओतून काढावें. त्याचा चक्का करण्याची मात्र गरज नाहीं, नाहीं तर पिण्याऐवजीं चाटण्याची वस्तु होईल.

चार पेल्यांस अर्धा लिटर दहीं आणि दोन मध्यम आंबे पुरतात. आंब्याच्या रसांत तीन-चार चमचे पिठीसाखर, चिमूटभर मीठ आणि दोन वेलदोड्यांची पूड आधींच मिसळून ठेवावी. दहीं एकटें रवीनें घुसळून एकजीव करावें, अर्धी वाटी गार पाणी घालावें, आणि शेवटीं रस घालून चार वेळां रवी फिरवावी. मिक्सर वापरावयाचा तर क्षणभरच; अधिक फिरविल्यास सायीचें लोणी होऊन वर तरंगतें. पातळ करण्यास दूध घालूं नये. सासूबाईंचा आक्षेप येथें मात्र शिरोधार्य मानावा. बर्फहि आंत घालूं नये, तो वितळून चव पाणचट होते. दहीं आणि रसच आधीं गार करावे. डबाबंद रस वापरणाऱ्यांनीं डब्यावर पाहावें, त्यांत पुष्कळदां साखर घातलेली असते. ज्यांना मधुमेह आहे त्यांनीं ह्या पेयापासून दूरच राहावें. आंबा स्वतःच पुरेसा गोड आहे.

हंगाम संपला कीं घोलवडचा चिकू घ्यावा, पुढें सीताफळ, थंडींत महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी. जांभूळ मीं करून पाहिलें. रंग राजेशाही आला, पण जीभ तुरट झाली.

मामंजींना मीं आंब्याची लस्सी दिली ती पुढच्याच आठवड्यांत. ह्या वेळीं सारें त्यांच्या खोलींत, त्यांच्या डोळ्यांसमोर केलें. आंबा तेथेंच चिरला, रवी तेथेंच फिरविली. ते उशीला टेकून पाहत होते. “काय आहे त्यांत” हें विचारण्याची सोयच उरली नव्हती. अर्धा पेला झाल्यावर ते म्हणाले, “राहिलेली झांकून ठेव, संध्याकाळीं घेईन.” मीं म्हटलें, “मामंजी, ही ठेवण्याची वस्तु नव्हे.” तेव्हां त्यांनीं पेला पुन्हां हातांत घेतला आणि सावकाश, थांबत थांबत, रिकामा केला.