तुमची आई, आमची आई

अजिंठ्याला जपानी पाहुणे येतात ते मुख्यतः बुद्धाच्या ओढीने. १९८३ साली ही लेणी जागतिक वारसा यादीत आली. पुढे तिथल्या संवर्धनाच्या कामाला जपानचं कर्जसाहाय्यही मिळालं. साहजिकच छत्रपती संभाजीनगरातल्या काही गाइड मंडळींनी जपानी भाषा शिकून घेतली. त्यांच्यापैकी एकाकडून मीही, पन्नाशी उलटल्यावर, नात्यांचे शब्द शिकलो.

पहिल्याच धड्यात ‘आई’ला दोन शब्द निघाले. बाहेरच्या माणसाशी बोलताना आपली आई ‘हाहा’, त्याची आई मात्र ‘ओकासान’. वडील आपले असतील तर ‘चिचि’, समोरच्याचे असतील तर ‘ओतोसान’. थोरला भाऊ आपला ‘आनी’, त्यांचा ‘ओनीसान’. यातला ‘सान’ म्हणजे आपल्याकडचा ‘जी’ किंवा ‘राव’. चारचौघांत स्वतःच्या आईला ‘ओकासान’ म्हणणारा मोठा माणूस पोरकट ठरतो. गंमत अशी, की घरात आईला हाक मारायची ती ‘ओकासान’ अशीच! म्हणजे मान आहेच. उंबरठ्याबाहेर तो आपणच मिरवायचा नाही, इतकंच.

मला ही रीत ओळखीची वाटली. आमच्या घरी दखनी बोलतात. आमच्याकडचे जुने लोक पाहुण्याच्या घराला ‘दौलतखाना’ म्हणत आणि स्वतःच्या घराला ‘गरीबखाना’. त्यांचा मुलगा ‘साहबजादे’, आपला नुसता ‘लडका’. मराठीतही जुने गृहस्थ पत्नीला ‘आमचं कुटुंब’ म्हणत. जपानी नवऱ्याचा शब्द ‘कानाई’, म्हणजे घराच्या आतली. दोन्ही शब्द आता मागे पडले, ते बरंच झालं.

मराठीत मात्र एक गोष्ट आहे, जी उर्दूच्या ‘हम’मध्ये नाही. ‘आम्ही जेवतो’ म्हटलं की समोरचा बाहेर राहतो. ‘आपण जेवू’ म्हटलं की त्याचंही पान मांडलं जातं.

मी मराठीत कविता लिहितो. ‘तुमची मराठी छान आहे हो,’ असं लोक अजूनही मला सांगतात. मनापासून सांगतात. पण त्या ‘तुमची’ने मी ओसरीवरच थांबतो. जपानी माणूस ‘आपलं’ आणि ‘तुमचं’ यांत रेघ ओढतो, ती समोरच्याला वरच्या पाटावर बसवण्यासाठी. तीच रेघ त्याला दाराबाहेर ठेवण्यासाठीही ओढता येते.

म्हणून मला वाटतं, आईबापांविषयी बोलताना रीत जपानी असावी, आधी समोरच्याच्या आईचा मान. भाषेविषयी बोलताना मात्र रीत मराठीच बरी. ‘तुमची मराठी’, ‘आमची मराठी’ असं न म्हणता ‘आपली मराठी’ म्हणावं.