जवळून पाहण्याची विद्या
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या वार्षिक संमेलनात बोलावयाचे विषय बहुधा ठरलेले असतात. गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार, वसतिगृहाचा निधी, वधूवरांची सूची. ह्या विषयांचे महत्त्व मी मुळीच कमी लेखीत नाही. तथापि ह्या वर्षी मी माझ्या छंदाविषयी चार शब्द बोलावेत अशी कार्यकारिणीची सूचना आली, आणि तो छंद म्हणजे किडामुंगीची छायाचित्रे काढणे हा असल्यामुळे प्रारंभीच एक खुलासा करणे अवश्य आहे. हा विषय केवळ करमणुकीचा असता तर मी आपला वेळ घेतला नसता. जुन्नर आणि आंबेगाव ह्या आपल्या दोन तालुक्यांतील शेताशी, घराशी आणि भाषेशी त्याचा निकटचा संबंध आहे, अशी माझी धारणा आहे, आणि तीच आज आपणांपुढे मांडावयाची आहे.

आपला मुलूख मोठा विलक्षण आहे. पश्चिमेस नाणेघाट, आहुपे, भीमाशंकर येथे सह्याद्रीचा कडा आणि अखंड कोसळणारा पाऊस. पूर्वेस कुकडी आणि घोड ह्या नद्यांच्या पाण्यावर डोलणारी टोमॅटो, कांदा, ऊस आणि द्राक्षे ह्यांची शेते. एका दिवसात बैलगाडीने ओलांडता येणार नाही, पण मोटारीने दोन-अडीच तासांत सहज ओलांडता येईल, एवढ्या अंतरात रान बदलते, माती बदलते, आणि त्यांबरोबर त्यांवर जगणारे जीवही बदलतात. ह्याच मुलुखात खोडद येथे रेडिओ दुर्बीण उभी आहे. तिच्या ३० तबकड्या असून प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आहे. अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड अशा पोलादी तारांची जाळी दोरखंडांवर ताणून त्या बनविल्या आहेत. पहाटे दव पडलेले कोळ्याचे जाळे ज्याने निरखून पाहिले आहे, त्यास त्या तबकड्यांची घडण परकी वाटणार नाही. विश्वाच्या टोकाकडे पाहण्याचे इतके मोठे साधन आपल्या दारी आहे. पायाशी पाहण्याचे साधन मात्र आता आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशात असूनही त्याचा तसा उपयोग क्वचितच होतो.

मॅक्रो छायाचित्रण म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. वस्तू जेवढी प्रत्यक्षात आहे तेवढीच तिची प्रतिमा कॅमेऱ्यातील पटलावर उमटली, म्हणजे एकास एक हे प्रमाण साधले. जुन्या फिल्मची चौकट ३६ मिलिमीटर लांब आणि २४ मिलिमीटर रुंद असे. ह्या प्रमाणात एक मोठा भुंगा ती सारी चौकट व्यापून टाकतो. साध्या भिंगाने एवढे जवळ जाता येत नाही. मग भिंग आणि कॅमेरा ह्यांच्यामध्ये पोकळ नळी बसवून अंतर वाढवितात. ५० मिलिमीटरचे भिंग असेल तर ते ५० मिलिमीटर पुढे सरकवावे लागते. अथवा जुने भिंग उलटे करून कड्याने बसवितात, म्हणजे तेही चांगले काम देते.

मात्र निसर्ग ह्या जवळिकीची किंमत वसूल करून घेतो. एकास एक प्रमाणात प्रकाश चौथाईवर येतो. त्याहून मोठी अडचण अशी, की भिंगाचे छिद्र बरेच लहान केले तरी स्पष्ट दिसणाऱ्या भागाची खोली जेमतेम सव्वा मिलिमीटर भरते. मुंगीचा डोळा स्पष्ट आला तर तिची कंबर पुसट होते. म्हणून कित्येक जण किंचित पुढे सरकत वीस-तीस चित्रे घेतात आणि संगणकावर ती जुळवून एक संपूर्ण चित्र सिद्ध करतात. नवख्याने एवढ्या खटाटोपात पडू नये. किड्याच्या डोळ्यावर लक्ष ठेवावे. डोळा स्पष्ट आला की चित्र जिवंत वाटते.

आता अनेक मोबाइल फोनांत दोन-चार सेंटिमीटरांवरून चित्र घेण्याची सोय असते, आणि नसेल तर काही शे रुपयांत चिमट्याचे भिंग मिळते. वेळ पहाटेची निवडावी. कीटकाच्या अंगात स्वतःची ऊब नसते. थंडीत ऊन चढेपर्यंत तो दवाने भिजून स्वस्थ बसलेला असतो. फ्लॅशचा प्रकाश फार कठोर पडतो. त्याच्यापुढे पांढरा पातळ कागद धरला की तो मवाळ होतो. ह्याहून मोठे भांडवल लागत नाही. लागते ती चिकाटी.

ह्या चिकाटीचे एक उदाहरण आपल्याच जिल्ह्यातील आहे. कर्नल विल्यम साइक्स हे मुंबई सरकारच्या वतीने दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करीत होते. मुंग्या धान्य साठवितात, ही प्राचीन समजूत त्या काळी युरोपातील थोर कीटकशास्त्रज्ञ खोटी मानीत असत. साइक्स ह्यांनी १८२९ च्या सुमारास पुण्यात पाहिले, की पाऊस उघडल्यावर मुंग्या आपल्या बिळांतून गवताचे बी बाहेर आणून उन्हात वाळत घालीत आहेत. १८३५ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले, आणि त्या मुंगीच्या शास्त्रीय नावात दूरदर्शी ह्या अर्थाचा लॅटिन शब्द घातला. विद्वानांचा वाद गुडघे टेकून जमिनीकडे पाहणाऱ्या एका माणसाच्या साक्षीने खोटा ठरला. ती मुंगी त्याआधीही आपल्या बांधावर दाणे वाळवीतच होती. आपण तिची नोंद केली नव्हती, एवढेच.

दुसरे उदाहरण जुन्नर तालुक्यातील हिवऱ्याशी जोडलेले आहे. तेथे डॉ. अलेक्झांडर गिब्सन ह्यांच्या देखरेखीखाली सरकारी वनस्पतिबाग होती. हेच गिब्सन पुण्याजवळील दापोडीच्या बागेचेही अधीक्षक होते, आणि पुढे १८४७ साली मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. १८४७ ते १८५० ह्या काळात त्यांनी एका चित्रकाराकडून वनस्पतींची सुमारे १७० चित्रे काढवून घेतली. पाकळीची शीर न् शीर टिपणारी ती चित्रे आज एडिंबरोच्या वनस्पतिउद्यानात जतन केलेली आहेत. वनस्पतींची नावे राहिली, साहेबांचे नाव राहिले. ज्याच्या हाताने ती चित्रे उतरली त्या चित्रकाराचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही. नोंद आपण ठेवली नाही, तर ती दुसरा आपल्या सोयीने ठेवतो, हा ह्यातील बोध आहे.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. आपल्या शेतकरी कुटुंबांपुढे आज जी अडचण आहे ती किडीची खरीच. परंतु कीड कोणती आणि मित्र कोण, हे न ओळखता आल्यामुळे ती अनेक पटींनी वाढते. पानावर काही हलताना दिसले की पंप पाठीवर चढतो. जवळून पाहिले असता काय दिसते ते ऐका. अंगावर काटे असलेली, काळसर, सुसरीच्या आकाराची एक लहानशी अळी माव्याच्या वसाहतीत फिरताना आढळते. दिसावयास ती उग्र असते; प्रत्यक्षात ती ढालकिड्याची अळी असून माव्याचा फडशा पाडीत असते. पानावर केसाएवढ्या बारीक देठांवर टाचणीच्या टोकासारखी पांढुरकी अंडी उभी दिसली, तर ती क्रायसोपाची, म्हणजे आपल्या मित्राची. पतंगांच्या अंड्यांत आपली अंडी घालणारी ट्रायकोग्रामा तर लांबीने एक मिलिमीटरही भरत नाही. ह्या साऱ्यांना आपण शत्रूबरोबर एकाच फवाऱ्यात मारतो, आणि त्यांचे काम पुन्हा पैसे मोजून औषधाकडून करवून घेतो.

शत्रूची ओळखही जवळूनच पटते. अमेरिकन लष्करी अळी भारतात प्रथम २०१८ साली कर्नाटकात आढळली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात येऊन पोहोचली. आपल्याकडे दुभत्या जनावरांसाठी मका सर्वत्र घेतात, त्यामुळे तिचा उपद्रव आपणांस ठाऊक आहेच. तिच्या डोक्यावर इंग्रजी वाय हे अक्षर उलटे काढल्यासारखी फिकट रेघ असते, आणि शेपटीकडील शेवटून दुसऱ्या भागावर चार काळे ठिपके चौकोनात मांडलेले असतात. ही खूण मोबाइलच्या भिंगातून स्वच्छ दिसते. टोमॅटोवरील टुटा ही परदेशी कीड २०१४ साली पुणे जिल्ह्यासह महाराष्ट्राच्या अनेक भागांत आढळली. जुनी नागअळी पानात बारीक नागमोडी रेघ कोरते. टुटाची अळी रुंद, फुग्यासारखा चट्टा पाडते. दोघींवरचे उपाय एक नाहीत.

कोणी म्हणेल, पीक हातचे जात असताना फोटो काढीत बसावयाचे काय? शंका रास्त आहे. फोटोने कीड मरत नाही, आणि प्रत्येक किडीची जात फोटोवरून ठरतेच असेही नाही. कांद्यावरील फुलकिडे तर एवढे सूक्ष्म, की त्यांची नक्की जात ठरविण्यास सूक्ष्मदर्शकच हवा. परंतु एक कप चहा पिण्यास जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात चार चित्रे घेऊन ती नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रातील जाणकारांना दाखविता येतात. औषध आणावयाच्या आधी रोगाचे नाव विचारावे, हा नियम आपण घरातील आजाऱ्याच्या बाबतीत पाळतो. पिकाच्या बाबतीतही तो पाळावा.

कांद्याच्या बियाण्याचे पीक ज्यांच्याकडे असते त्यांना तर मी हात जोडून विनंती करीन. कांद्याच्या गोंड्यात बी धरते ते मुख्यतः मधमाश्या आणि इतर कीटकांच्या येण्याजाण्याने. सातेरी माशीचे जवळून चित्र घेतले म्हणजे तिच्या अंगावरील केसाकेसाला चिकटलेले पराग दिसतात, आणि फुलोऱ्यात फवारणी केल्याने आपण काय मारतो ते वेगळे सांगावे लागत नाही. पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ साली स्थापन झाली. एवढे ज्ञान एवढ्या जवळ असताना आपण अज्ञानात राहावे हे शोभत नाही.

भगिनींनो, आता भाषेविषयी. मृगाचा पाऊस पडताच ओल्या मातीवर जो लाल मखमली जीव फिरू लागतो, त्यास आपण मृगाचा किडा म्हणतो. जवळून चित्र घ्या आणि पाय मोजा. ते आठ भरतात. म्हणजे शास्त्राच्या दृष्टीने तो कीटक नव्हे, कोळ्याचा भाऊबंद होय. भिंतीवर मातीचे मडके घडविणाऱ्या माशीस आपल्या आज्या कुंभारीण म्हणतात. ते मडके आपण झाडूने पाडतो. परंतु कुंभारीण त्यात बेशुद्ध केलेल्या अळ्या भरून ठेवते, म्हणजे तीही शेतकऱ्याचीच मदतनीस. २०१५ साली महाराष्ट्राने राणी पाकोळी, म्हणजेच नीलवंत, हे राज्य फुलपाखरू ठरविले. त्याची अळी लिंबाच्या कुळातील झाडांची पाने खाऊन वाढते आणि लहानपणी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून ती वाचते. अशी नावे आणि अशी माहिती घरातील वृद्ध स्त्री-पुरुषांपाशी पुष्कळ आहे. मुंबई-पुण्यात वाढणाऱ्या आपल्या मुलांपाशी उत्तम फोन आहेत, पण नावे नाहीत. गावी राहिलेल्या आजीपाशी नावे आहेत, पण ती लिहून ठेवणारे कोणी नाही. ती माणसे गेली की नावे त्यांच्याबरोबर जातील, आणि मग चित्र कितीही सुबक असले तरी ते मुके राहील.

एक पथ्य मात्र सांगितलेच पाहिजे. चित्रासाठी जिवाला इजा करू नये. कीटकास शीतपेटीत ठेवून बधिर करणे, कोष फांदीवरून तोडून आणणे, हे प्रकार कमीपणाचे आहेत. भीमाशंकरचे अभयारण्य १९८५ साली घोषित झाले. तेथील प्राणी, फुले वा अळंबी उचलणे कायद्याविरुद्ध आहे. पावसाळ्यात तेथील कुजक्या लाकडावर रात्री मंद हिरवट प्रकाश देणारी बुरशी दिसते, आणि पावसाच्या तोंडावर काजव्यांनी झाडे लखलखतात. काजव्याचा प्रकाश ही जोडीदाराला घातलेली साद असते. आपण विजेऱ्या मारल्या की ती साद हरवते. तेथे कॅमेरा तिकाटण्यावर ठेवावा, दिवा मालवावा आणि वाट पाहावी.

शेवटी मंडळापुढे एक सूचना ठेवतो. दिवाळीच्या अथवा यात्रेच्या निमित्ताने आपण सारे गावी जातोच. त्या वेळी प्रत्येक घरातील मुलामुलींनी शेतातील, परसातील वा देवराईच्या कडेवरील पाच लहान जिवांची चित्रे काढावीत. प्रत्येक चित्रासोबत पाच गोष्टी लिहाव्यात: गाव, तारीख, कोणत्या झाडावर सापडले, ते काय करीत होते, आणि घरातील वडीलधारे त्यास कोणत्या नावाने ओळखतात. नाव सांगणाऱ्याचेही नाव लिहावे. हिवरे-दापोडीच्या त्या अनामिक चित्रकारावर झालेला अन्याय आपण आपल्या आजीवर करू नये. ह्यांतून निवडलेल्या नोंदींस पुढील स्मरणिकेत चार पाने द्यावीत, आणि संपूर्ण वही गावच्या शाळेस भेट द्यावी. खर्च अल्प आहे. लाभ शेतास आहे, मुलांस आहे आणि आपल्या बोलीसही आहे.