चाचे कोण?



आपल्या धाराशिवला समुद्र नाही. तरी समुद्राची ही गोष्ट आपल्या कामाची आहे.

आजच्या संयुक्त अरब अमिरातीच्या किनाऱ्याला इंग्रजांनी ‘चाच्यांचा किनारा’ असे नाव दिले होते. १८१९ मध्ये मुंबईहून त्यांचे आरमार निघाले. डिसेंबरात रास-अल-खैमा पडले, कासिमी अरबांची गलबते नष्ट झाली. जानेवारी १८२० मध्ये शेखांशी तह झाला. गुलाम पळवून नेणे हीही चाचेगिरीच, असे एक चांगले कलम त्यात होते.

कासिमींच्या हातून लुटालूट झालीच नाही, असे मी म्हणत नाही. पण याच मुंबईकर इंग्रजांनी मराठ्यांचे सरखेल कान्होजी आंग्रे यांनाही चाचेच म्हटले होते! इंग्रजांनी परवाना मागितला तर तो कायदा, आंग्र्यांनी दस्तक मागितले तर ती लूट!

शारजाचे शासक डॉ. सुलतान अल-कासिमी यांनी मुंबईच्या दप्तरखान्यातील कागद तपासले आणि १९८६ साली ग्रंथ लिहून या आरोपाला उत्तर दिले. तेही आरोप करणाऱ्यांच्याच कागदांतून!

मुलांनो, कोणी कोणाला नाव ठेवले, तर आधी विचारा, हे लिहिले कोणी? पालकांनो, मुलामुलींचे शिक्षण अर्धवट सोडू नका. आरोपाला उत्तर आरडाओरड्याने मिळत नाही, अभ्यासाने मिळते.