चालते घर आणि केबलची तार

चालत्या घराची कल्पना काशीला नवी नाही. खोल्या असलेला बजरा येथील घाटांना पिढ्यान्‌पिढ्या लागत आला आहे. चाकांवरचे घर मात्र काशीने पाहिले ते विसाव्या शतकाच्या साठाव्या-सत्तराव्या वर्षांत. युरोपातून तुर्कस्तान, इराण आणि अफगाणिस्तानमार्गे काठमांडूकडे निघालेले तरुण प्रवासी वाटेत येथे थांबत, आणि त्यांतील काहींचे बिऱ्हाड त्यांच्या मोटारीतच असे. १९७९ मध्ये इराण आणि अफगाणिस्तानातील घडामोडींनी तो मार्ग बंद पडला.

त्या प्रवाशांपुढे दूरदर्शनची अडचण कधी उभी राहिली नाही, कारण येथे पाहण्यासारखे दूरदर्शनच नव्हते. लखनौचे केंद्र १९७५ साली सुरू झाले, आणि ते काशीहून सुमारे तीनशे किलोमीटरवर. दूरदर्शनच्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. पृथ्वीची वक्रता मध्ये आली की मोटारीच्या टपावरील हातभर आकाशक निरुपयोगी ठरतो.

अमेरिकेत निराळी व्यवस्था रूढ झाली. मालमोटारीच्या पाठीवर ठेवलेले लहानसे घर, ज्याला तेथे ट्रक कॅम्पर म्हणतात, मुक्कामाच्या तळावर उभे राहते. तळावर प्रत्येक जागेशेजारी एक खांब असतो. त्यावर वीज मिळते, जवळच पाण्याचा नळ असतो आणि पुष्कळ ठिकाणी केबलचे तोंडही असते. जुन्या कॅम्परना ही तार आत घेण्याची सोय नसते, म्हणून मालक खिडकीच्या फटीतून तार ओढून घेतात. मग त्याच वाटेने पाऊस आणि डास आत येतात. भिंतीला कायमचे तोंड बसविणे हाच खरा उपाय होय.

काम अवघड नाही, पण घाईचेही नाही. कॅम्परच्या भिंतीत बाहेर पातळ पत्रा, मध्ये उष्णतारोधक थर आणि आत लाकडी फळी असते, आणि या थरांतून विजेच्या तारा गेलेल्या असू शकतात. त्या कोठे आहेत याची खात्री केल्यावाचून गिरमीट लावणे म्हणजे आंधळेपणा. छिद्राभोवती लवचीक रोधक लेप भरून झाकणाचे तोंड बसवावे. बाहेरून येणारी तार तोंडापाशी पोचण्यापूर्वी थोडी खाली लोंबती सोडावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी तोंडात न शिरता खाली टपकते.

केबलच्या तारेत मधोमध तांब्याचा वाहक, त्याभोवती रोधक आणि त्यावर धातूची जाळी असते. दूरदर्शनसाठी पंचाहत्तर ओहम प्रतिबाधेची तार वापरतात. नेहमीच्या आरजी-६ तारेत, पाचशे मेगाहर्ट्झच्या आसपास, वीस मीटर अंतरात संकेताची शक्ती जवळजवळ निम्मी होते. त्यात दोन वाटांचा विभाजक घातला की प्रत्येक वाटेला निम्म्याहून कमी उरते. म्हणून तार हवी तेवढीच ठेवावी. उरलेली वेटोळी करून गाडीखाली टाकण्याची सवय काही कामाची नाही.

टपावरचा आकाशक आणि बाहेरची केबल यांची सांगड साध्या विभाजकाने घालणे ही नेहमीची चूक. आकाशकाच्या प्रवर्धकाला त्याच तारेतून बारा व्होल्टची वीज जाते. ती केबलच्या जाळ्यात शिरू नये, तसेच जाळ्यातील संकेत आकाशकातून बाहेर फाकू नये, यासाठी एका वेळी एकच वाट उघडणारी कळ हवी. असे तयार फलक मिळतात.

खरा धोका मात्र भूसंपर्काचा आहे, आणि तो भारतात अधिक आहे. केबलची जाळी दूर कोठल्यातरी खांबाशी जोडलेली असते. काही जाळ्यांत वाटेवरच्या प्रवर्धकांसाठी लागणारी वीजही त्याच तारेतून वाहते. इकडे कॅम्परला वीज दिलेल्या खोबणीत भूसंपर्काची तार तुटलेली असली, तर गाडीच्या धातूच्या अंगावर दाब चढून राहतो. ओल्या मातीत अनवाणी उभा असलेला मनुष्य एका हातात केबलचे टोक धरून दुसरा हात दाराला लावतो, आणि विजेचे मंडळ त्याच्या छातीतून पूर्ण होते. म्हणून जोडण्यापूर्वी जाळी आणि गाडीचे अंग यांमधला दाब मापकाने पाहावा. काही व्होल्टांहून अधिक दिसला तर जोडू नये. चित्र न दिसल्याने कोणी मरत नाही.

आता काशीतच असा कॅम्पर आला तर? भारतात केबल पसरली ती ऐंशीच्या दशकात इमारतींमध्ये व्हिडिओ दाखविण्यापासून, आणि १९९१ च्या आखाती युद्धानंतर उपग्रहवाहिन्यांमुळे. १९९५ च्या कायद्याने चालकांना नोंदणी सक्तीची केली. काशीच्या गल्ल्यांवरील तारांच्या गुंत्यातून विजेच्या तारा जुन्या शहराच्या मोठ्या भागात जमिनीखाली गेल्या, ते काम २०१७ मध्ये पुरे झाले. उघड्यावरच्या तारांना येथे आणखी एक शत्रू आहे. २०१५ साली घाटांवर टाकलेल्या प्रकाशीय तारा माकडांनी कुरतडल्याचे वृत्त जगभर गेले होते. विदेशी अभियंत्यांच्या नियमपुस्तकांत हे प्रकरण बहुधा सापडणार नाही.

पण नुसती तार आणून उपयोग नाही. २०१३ मध्ये वाराणसीसह अडतीस शहरांत संकेत सांकेतिक रूपात देण्याचा टप्पा लागू झाला, आणि स्थानिक चालकाच्या पेटीवाचून चित्र उमटेनासे झाले. दोन दिवसांच्या पाहुण्याला पेटी कोण देणार?

त्यापेक्षा तबकडी बरी. दूरदर्शनची निःशुल्क सेवा जीसॅट-१५ या उपग्रहावरून मिळते, तो ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. काशीहून तो दक्षिणेपासून पूर्वेकडे सुमारे तेवीस अंश, आणि क्षितिजापासून सुमारे अठ्ठावन्न अंश उंचीवर येतो. छावणी भागातील मोकळ्या अंगणात तो सहज सापडेल. घाटामागच्या गल्लीत मात्र आधी आकाश शोधावे लागेल. तबकडीची तारही भिंतीतल्या त्याच तोंडातून आत घेता येते. फक्त ती थेट तबकडीच्या पेटीला जोडावी, आकाशकाच्या फलकातून नेऊ नये. आणि गाडी हलविण्यापूर्वी ती सोडून तोंडावर झाकण लावण्यास विसरू नये.