पुलापलीकडचे गाव



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला प्रवासाविषयी बोलावयास सांगितले, तेव्हा त्यांची अपेक्षा बहुधा अशी असावी की, अमेरिकेस जाऊन आलेला हा निवृत्त मास्तर नायगाराचे वर्णन करील. नायगारा मी पाहिला. तो फार मोठा आहे. ह्याहून अधिक त्याच्याविषयी सांगण्यासारखे माझ्याजवळ काही नाही. आज मी तुम्हांला नेणार आहे ते अशा एका गावी, की जेथे मी सकाळी गेलो आणि दिवेलागणीला परतलो. इतक्या अल्प ओळखीवर व्याख्यान देणे हे धाडसच आहे. शितावरून केलेली भाताची परीक्षा नेहमीच खरी ठरते असे नाही. परंतु त्या एका दिवसाने मला त्या गावाविषयी जितके शिकवले, त्याहून अधिक माझ्याविषयी शिकवले. म्हणून हे धाडस.

गावाचे नाव सिउदाद हुआरेस. ते मेक्सिको देशाच्या उत्तर सीमेवर, चिवावा राज्यातल्या वाळवंटात वसलेले आहे. वस्ती पंधरा लाखांच्या घरात. मध्ये एक नदी आणि नदीच्या अलीकडे अमेरिकेचे एल पासो शहर. दोन्ही गावे इतकी जवळ की, रात्री एका गावाचे दिवे कोठे संपतात आणि दुसऱ्याचे कोठे सुरू होतात, हे परक्याला सांगता येऊ नये.

२०१९ च्या ऑक्टोबरच्या अखेरीस मी एल पासोला माझ्या भाच्याकडे उतरलो होतो. तो तेथल्या विद्यापीठात शिकवतो. ह्या विद्यापीठाची गंमत अशी की, त्याच्या इमारती भूतानमधल्या किल्लेवजा मठांच्या धर्तीवर बांधलेल्या आहेत. १९१४ साली एका अमेरिकन मासिकात भूतानची छायाचित्रे छापून आली. ती पाहून संस्थेच्या प्रमुखांची पत्नी मोहून गेली आणि १९१७ पासून टेक्सासच्या माळावर हिमालयातली उतरती छपरे उभी राहिली. ह्या भूतानी गच्चीवरून समोर पाहिले की, नदीपलीकडे हुआरेसची गरीब घरे दिसतात. त्यांच्यामागच्या डोंगरावर पांढऱ्या प्रचंड अक्षरांत, बायबल हेच सत्य आहे, ते वाचा, असे स्पॅनिशमध्ये लिहिलेले आहे. ती अक्षरे दुसऱ्या देशातूनही वाचता येतात.

मी भाच्याला म्हटले, “तिकडे जाऊन येऊ या.”

“मामा, तेवढे मात्र करू नका. तिथे दिवसाढवळ्या माणसे मारतात.”

“तू कधी गेला होतास?”

“नाही. इथे येऊन अकरा वर्षे झाली, पण कधी पूल ओलांडला नाही.”

त्याचे भय अगदीच निराधार होते असे मी म्हणणार नाही. २०१० साली त्या एका शहरात तीन हजारांहून अधिक खून झाले. त्याच वर्षी एल पासोमध्ये झाले अवघे पाच. मादक द्रव्ये उत्तरेकडे नेण्याच्या वाटेवर कोणाची सत्ता चालावी, ह्यासाठी गुंडांच्या टोळ्या आपसांत लढत होत्या. आता, हा माल घेणारा गिऱ्हाईक कोठे राहतो, हे भूगोलाच्या मास्तराने सांगण्याची गरज नाही. पण दुकान बदनाम होते. गिऱ्हाईक होत नाही. आपल्याकडेही, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, असे म्हणतातच.

आणि मंडळी, २०१९ सालीच ३ ऑगस्टला काय घडले होते? टेक्सासातलाच एक तरुण सुमारे हजार किलोमीटर मोटार हाकीत एल पासोला आला आणि मेक्सिकन माणसे मारायची, एवढ्याच हेतूने त्याने एका मोठ्या दुकानात गोळीबार केला. एकंदर तेवीस माणसे प्राणास मुकली. त्यांत आठ मेक्सिकोचे नागरिक होते. धोक्याचे म्हणून जे गाव ओळखले जाते, तेथली माणसे ह्या सुरक्षित गावात येऊन मेली. हे भाच्यालाही ठाऊक होते. पण भय हे हिशेब करून बसत नसते.

अखेर भाच्याच्याच खात्यात काम करणाऱ्या एक बाई मला घेऊन जाण्यास तयार झाल्या. त्या राहतात हुआरेसला आणि रोज पूल ओलांडून कामावर येतात. त्यांच्यासारखी माणसे हजारांनी मोजावी लागतील. तो दिवस २ नोव्हेंबरचा होता. बाई म्हणाल्या, “आज आमच्या मेलेल्या माणसांचा सण आहे. आज जिवंत माणसाला भीती नाही. चला.”

पूल चालत ओलांडायचा. जाताना फिरत्या दांड्याजवळ चार नाणी टाकली की झाले. कोण, कोठला, कशाला, हे मला कोणीही विचारले नाही. खाली पाहिले, तर नदी कोठे दिसेना! काँक्रीटचा रुंद पाट आणि त्याच्या तळाशी ओहोळभर पाणी. अमेरिकन हिला रिओ ग्रँड, म्हणजे थोरली नदी म्हणतात, आणि मेक्सिकन रिओ ब्राव्हो, म्हणजे खवळती नदी. आज ती थोरलीही नाही आणि खवळतीही नाही. वरच्या अंगाला धरणे झाली, आणि १९०६ च्या कराराप्रमाणे मेक्सिकोच्या वाट्याचे पाणी मोजून सोडले जाते. कृष्णा-गोदावरीच्या पाण्यावरून राज्याराज्यांतली भांडणे पाहिलेल्या तुम्हांला ह्यात नवल वाटणार नाही.

परंतु ही नदी एकेकाळी खरोखरच खवळत असे, आणि तिने दोन राष्ट्रांना शंभर वर्षे भांडत ठेवले. १८४८ च्या तहाने मेक्सिकोचा निम्म्याच्या आसपास प्रदेश अमेरिकेकडे गेला आणि येथून समुद्रापर्यंत नदीचा प्रवाह ही सीमा ठरली. नदीला हा तह कोणी वाचून दाखवला नव्हता. पुरांमागून पूर आले, पात्र दक्षिणेकडे सरकले आणि चमिसाल नावाची मेक्सिकोची जमीन आयतीच अमेरिकेच्या काठाला लागली. १९११ साली लवादाने त्यातला बराच भाग मेक्सिकोला दिला. अमेरिकेने तो निवाडा मानला नाही. शेवटी १९६३ साली करार झाला. जमीन परत गेली आणि नदी पुन्हा जागची हलू नये म्हणून तिला ह्या काँक्रीटच्या पाटात बांधून टाकण्यात आले. बलाढ्य राष्ट्राने दुबळ्या शेजाऱ्याला जमीन परत करावी, ही इतिहासात विरळा घडणारी गोष्ट. तिचे कौतुक केलेच पाहिजे. मात्र त्यासाठी एल पासोच्या बाजूच्या सुमारे साडेपाच हजार माणसांना आपली घरे सोडावी लागली, आणि ती बहुतेक मेक्सिकन वंशाचीच होती, हेही विसरता कामा नये.

पूल उतरलो आणि गावात शिरलो. भीती वाटत होती, हे कबूल करतो. पाकीट आतल्या खिशात आहे की नाही, हे मी वारंवार चाचपून पाहत होतो. बाईंनी ते पाहिले, बोलल्या नाहीत.

चौकात कॅथीड्रलच्या शेजारी एक लहानसे पांढरे प्रार्थनामंदिर आहे. १६५९ साली फ्रान्सिस्कन साधूंनी येथे ठाणे मांडले आणि पुढे हे मंदिर उभे केले. त्याच्या छताच्या कोरीव तुळया पाहताना कोकणातल्या एखाद्या जुन्या देवळाच्या सभामंडपात उभे असल्यासारखे वाटले. शिवाजीमहाराजांनी अफझलखानाचा समाचार घेतला त्याच वर्षी ह्या वाळवंटात हे गाव वसत होते! तेव्हा त्याचे नाव ‘पासो देल नोर्ते’, म्हणजे उत्तरेची खिंड. पुढे फ्रेंचांनी मेक्सिको बळकावून तेथे एक परका बादशहा आणून बसवला. त्या वेळी बेनितो हुआरेस हा झापोतेक आदिवासी कुळात जन्मलेला राष्ट्राध्यक्ष आपले सरकार घेऊन हटत हटत येथवर आला. १८६५-६६ मध्ये त्याने ह्या सीमेवरच्या गावातून राज्य चालवले. चार पावले टाकली असती, तर तो पलीकडे सुरक्षित होता. त्याने ती टाकली नाहीत. १८८८ साली गावाला त्याचे नाव दिले ते ह्यासाठी. माणसामाणसांत काय आणि राष्ट्राराष्ट्रांत काय, दुसऱ्याच्या हक्काचा मान राखणे म्हणजेच शांती, असे हा पुरुष म्हणत असे.

१९११ च्या मे महिन्यात क्रांतिकारकांनी हे गाव लढून घेतले आणि त्यामुळे पोर्फिरिओ दियास ह्या हुकूमशहाची दीर्घ कारकीर्द संपली. ती लढाई पाहण्यासाठी एल पासोचे लोक घरांच्या गच्च्यांवर गोळा झाले होते. तमाशा पाहावा तशी! त्यांतल्या काहींना चुकार गोळ्या लागल्या आणि ते तेथेच गतप्राण झाले. दुसऱ्याचे दुःख लांबून पाहू म्हटले, तरी ते कधीकधी पूल ओलांडून येते.

पुढे अमेरिकेत दारूबंदी आली आणि हुआरेसचे गुत्ते भरून वाहू लागले. घटस्फोट अवघड, म्हणून लोक येथे येऊन झटपट घटस्फोट घेऊ लागले; मेरिलिन मन्रोचाही शेवटचा काडीमोड १९६१ साली येथेच झाला. जे घरी करायची लाज वाटे, ते पुलापलीकडे करायचे आणि परत येऊन त्या गावाला पापी म्हणायचे, असा हा रिवाज.

उलट दिशेने जाणाऱ्यांची गोष्ट निराळी. १९१७ साली कामाला जाणाऱ्या मेक्सिकन माणसांना पुलावर अडवून, उवा असतील म्हणून, उघडे करून घासलेट आणि व्हिनेगरने अंघोळ घालीत. २८ जानेवारीला कार्मेलिता तोर्रेस नावाच्या सतरा वर्षांच्या मोलकरणीने नकार दिला. पाहता पाहता शेकडो बाया जमल्या आणि त्यांनी ट्रामगाड्या अडवल्या. अंघोळी पुढेही कित्येक वर्षे चालू राहिल्या. पण एक मुलगी नाही म्हणाली होती, ह्याची नोंद राहिली.

१९६५ नंतर कारखाने पुलापलीकडे गेले. सुटे भाग अमेरिकेतून यायचे, येथे कमी मजुरीत जोडायचे आणि परत पाठवायचे. ह्या कारखान्यांना माकिला म्हणतात. जोडणीच्या कामाला सुरुवातीला बहुतांशी तरुण मुलीच घेत. दूरदूरच्या खेड्यांतून त्या आल्या. १९९३ पासून ह्या गावातल्या मुली नाहीशा होऊ लागल्या आणि वाळवंटात त्यांची प्रेते सापडू लागली. २००१ साली एका कापसाच्या शेतात आठ सापडली. आयांनी खांबांवर गुलाबी क्रूस रंगवले आणि न्यायासाठी वणवण केली. २००९ साली अमेरिका खंडातल्या मानवी हक्कांच्या न्यायालयाने मेक्सिकोच्या सरकारला दोषी ठरवले.

हे मी वाचून गेलो होतो. दुपारी बाईंनी मला आपल्या आईच्या घरी नेले. खोलीत मृतांसाठी चौरंगासारखी पायऱ्यांची मांडणी केली होती. तीवर फोटो, मेणबत्त्या, पाण्याचा पेला, गोड पाव आणि झेंडूची फुले! पितृपक्षातच आलो की काय, असे क्षणभर वाटले. झेंडू हे फूल मूळचे मेक्सिकोचेच. आपण दसऱ्याला दाराला लावतो ते तेथून आले. फोटोंमध्ये कारखान्याचा निळा झगा घातलेल्या एका मुलीचा फोटो होता. बाई म्हणाल्या, “मावसबहीण. रात्रपाळीहून घरी आली नाही.” मी पुढे विचारले नाही. म्हाताऱ्या आईने घेवड्याची उसळ भरून गुंडाळलेली गव्हाची पोळी माझ्या हातावर ठेवली. मी पाकीट चाचपायचे विसरलो, हे मला फार उशिरा लक्षात आले.

परतीची वाट हीच खरी गोष्ट आहे. पुलाच्या पायथ्याशी शेकडो माणसे ताडपत्रीच्या राहुट्या टाकून बसली होती. बहुतेक मेक्सिकोच्याच इतर राज्यांतली, गुंडांच्या भयाने घरदार सोडून आलेली. आश्रय मागण्यासाठी आपला क्रमांक कधी लागतो, ह्याची वाट पाहत. पुलाच्या मध्यावर, जेथे सीमेची पाटी आहे, तेथे गणवेशातले शिपाई उभे होते. माझ्यापुढे एक बाई कडेवर मूल घेऊन होती. तिच्यापाशी दाखवण्यासारखे काही नव्हते. तिला परत फिरवले. मी खिशातली निळी वही काढली आणि पुढे गेलो. तिच्यात आणि माझ्यात फरक होता तो त्या वहीतल्या एका शिक्क्याचा. आणि तो शिक्का मिळवण्यासारखे पुण्य मी केले होते असे मला आठवत नाही.

अधिकाऱ्याने विचारले, “हुआरेसला कशासाठी गेला होता?” मी म्हणालो, “सहज, पाहायला.” उत्तर खरे होते, आणि उच्चारताच मला त्याची लाज वाटली. गच्चीवरून लढाई पाहणारे लोक दुसरे काय म्हणाले असते?

मंडळी, ही गोष्ट दूरदेशची म्हणून सोडून देता येत नाही. त्याच सीमेवर आपलीही माणसे जातात. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या लष्करी विमानातून १०४ भारतीय अमृतसरला परत आणून सोडले. त्यांत महाराष्ट्रातलेही तिघे होते. वर्तमानपत्रात ते वाचले तेव्हा मला पुलावरून परत फिरलेली ती बाई आठवली. आणि आठवण दुसरीही आहे. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे हे क्रांतिकारक ब्रिटिशांमुळे मायदेशी परतू शकत नव्हते. त्यांना १९२४ साली मेक्सिकोने जवळ केले. चापिंगोच्या शेतकी शाळेत त्यांनी अध्यापन केले, मक्याच्या वाणांवर संशोधन केले. दिएगो रिव्हेरासारख्या थोर चित्रकाराने त्यांना आपल्या भित्तिचित्रात स्थान दिले. आपला माणूस निराधार असताना ज्या देशाने दार उघडले, त्या देशाच्या दारावरच्या गावाला आपण ऐकीव माहितीवर बदनाम म्हणावे, हे आपल्याला शोभत नाही.

दसऱ्याला आपण सीमोल्लंघन करतो. वेशीपर्यंत जातो, आपट्याची पाने घेऊन संध्याकाळी घरी येतो. माझे सीमोल्लंघनही तेवढेच होते. मी काही फार मोठे पाहून आलो नाही. परंतु पुढच्या पत्रात भाच्याने लिहिले की, तो बाईंच्या घरी जेवून आला. अकरा वर्षांनी त्याने पूल ओलांडला. प्रवासाचे फळ म्हणून मला तेवढे पुरे आहे.