साग लागवडीतील विरळणी आणि तोडणी

(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



आज मी आपल्याशी सागाविषयी बोलणार आहे. पण रोपे कशी लावावीत, खड्डा केवढा घ्यावा, हे सांगणार नाही. ती माहिती आपल्याला आहे आणि लागवडीही भरपूर झाल्या आहेत. लागवड झाल्यानंतर पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत काय करायचे, याबद्दल मात्र फारसे बोलले जात नाही. साग लावला, गुरांपासून राखला, की आपले काम संपले, असा समज आहे. या समजापायी किती नुकसान होते, ते मी आमच्या घरातच पाहिले आहे.

१९९० च्या दशकात सागाची मोठी लाट आली होती. वीस वर्षांत एकेका झाडाचे लाखो रुपये होतील, अशा जाहिराती तेव्हा सगळीकडे दिसत. अशा योजनांसाठी पैसे गोळा करण्यावर पुढे सेबीने १९९९ साली नियम लागू केले. पण तोवर अनेकांनी स्वतःच्या रानातही साग लावला होता. आमच्या थोरल्या काकांनी १९९८ च्या पावसाळ्यात विहिरीजवळच्या एक एकरात दोन बाय दोन मीटरवर एक हजार रोपे लावली. मी तेव्हा शाळेत होतो. मुलीच्या लग्नाला हा साग कामाला येईल, असे काका म्हणत. रोपे चांगली वाढली. कोणीतरी सुचवले की आता निम्मी झाडे काढा. काका म्हणाले, "पोरांसारखी वाढवली, त्यांच्यावर कुऱ्हाड कशी चालवू?"

अठरा वर्षांनी, २०१६ साली, लग्न ठरले. व्यापारी आला, रानातून एक फेरी मारली आणि सगळ्या झाडांची उक्ती किंमत सांगितली. फीत त्याने बाहेर काढलीच नाही. लग्नाची तारीख जवळ होती, काकांनी होकार दिला. तोड झाल्यावर मी फीत घेऊन बुंधे आणि पडलेले ओंडके मोजत बसलो. आतल्या बहुतेक झाडांचा मध्यघेर चौदा इंचांच्या आसपास होता. बांधावरच्या ओळीतली झाडे मात्र अठ्ठावीस इंचांची होती. रोप तेच, जमीन तीच, वय तेच. फरक एवढाच की बांधावरच्या झाडांना एका बाजूने मोकळी जागा आणि ऊन मिळाले होते.

झाडांची संख्या नव्हे, घेर

हा फरक दिसतो त्याहून मोठा आहे. बाजारात गोल लाकूड चौथाई घेराच्या पद्धतीने मोजतात. ओंडक्याच्या मधोमध घेर इंचात घ्यावा, त्याला चारने भागावे, आलेल्या आकड्याचा वर्ग करावा, त्याला फुटातल्या लांबीने गुणावे आणि १४४ ने भागावे. उत्तर घनफुटात येते.

दहा फूट लांबीचा ओंडका धरू. चौदा इंच घेर असेल तर सुमारे ०.८५ घनफूट लाकूड भरते. अठ्ठावीस इंच घेराला ३.४ घनफूट भरते. छत्तीस इंच घेराला ५.६ घनफूट, तर अठ्ठेचाळीस इंच घेराला पूर्ण १० घनफूट. म्हणजे घेर दुप्पट झाला की लाकूड चौपट होते. शिवाय जाड लाकडात लाल गाभा जास्त आणि बाहेरचा पांढरा भाग कमी असतो, त्यामुळे प्रत्येक घनफुटाचा दरही चढता मिळतो. दर वाढतो आणि लाकूडही वाढते. सागाचा सगळा नफा या दोन गोष्टींत आहे. हजार काठ्या विकण्यापेक्षा शंभर जाड खोडे विकणे केव्हाही फायद्याचे.

साग हे उन्हाचे झाड आहे. त्याला सावली सोसत नाही. शेंडे एकमेकांना भिडले की खालच्या फांद्या वाळतात, पाने कमी होतात, आणि झाड उजेडासाठी नुसते उंच पळते. त्याचा घेर वाढत नाही. अशा वेळी काही झाडे काढून उरलेल्यांना जागा देणे म्हणजेच विरळणी. भाजीच्या वाफ्यात रोपे दाट झाली तर आपण उपटतोच ना? तेच येथे करायचे आहे.

विरळणी केव्हा आणि किती

पहिली विरळणी साधारण चौथ्या ते सहाव्या वर्षी करावी. पण वयापेक्षा झाडाकडे पाहावे. उंची पंचवीस-तीस फूट झाली आणि शेंडे एकमेकांना टेकले की वेळ आली असे समजावे. पाण्याखालच्या भारी जमिनीत ती लवकर येते, हलक्या मुरमाड जमिनीत उशिरा येते. दोन बाय दोन मीटरच्या लागवडीत एकरी सुमारे हजार झाडे असतात. या वेळी तिरप्या ओळी धरून एक ओळ ठेवावी व एक काढावी. एकरी पाचशे झाडे राहतात.

दुसरी विरळणी आठव्या ते दहाव्या वर्षी. आता सरळ ओळींपैकी एकाआड एक ओळ काढावी. चार बाय चार मीटर अंतर होते आणि एकरी सुमारे अडीचशे झाडे उरतात. या दोन विरळण्यांत ओळीने तोड होत असली तरी डोळे मिटून करू नये. काढायच्या ओळीत उत्तम झाड असेल आणि शेजारी वाकडे असेल, तर अदलाबदल करावी.

त्यापुढच्या विरळण्या निवडीने कराव्यात. पंधरा ते अठरा वर्षांच्या दरम्यान एकरी सव्वाशे ते दीडशे झाडे आणि शेवटच्या तोडीसाठी साठ ते ऐंशी झाडे राहतील, असा अंदाज ठेवावा.

वेळ ओळखण्याची आणखी एक सोपी खूण आहे. रानातली वीस-पंचवीस झाडे निवडून जमिनीपासून साडेचार फुटांवर रंगाचा पट्टा मारावा. दर वर्षी एकाच महिन्यात त्या पट्ट्यावर घेर मोजून वहीत लिहावा. वाढ मंदावलेली दिसली, किंवा हिरव्या फांद्यांचा भाग झाडाच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा कमी झाला, तर विरळणी लांबवू नये.

कोणते झाड काढावे

आधी राखायची झाडे ठरवावीत, मग काढायची. सरळ, निरोगी, एका खोडाचे आणि भरदार शेंड्याचे झाड शोधून त्याला पांढरा पट्टा मारावा. अशी झाडे रानभर सारख्या अंतरावर असावीत. त्यानंतर वाळलेली, किडलेली, दुबेळकी, वाकडी आणि दबलेली झाडे काढावीत. शेवटी पांढऱ्या पट्ट्याच्या झाडाला जे शेजारचे झाड दाबत असेल ते काढावे, मग ते दिसायला बरे असले तरी.

ही खूण पावसाळ्याच्या अखेरीस, पाने झाडावर असताना करावी. तेव्हाच कोणाचा शेंडा कोणाला घासतो ते दिसते. तोड मात्र हिवाळ्यात करावी. जमीन वाळलेली असते, गाडी आत जाते आणि उभ्या पिकाचे नुकसान होत नाही.

येथे एक इशारा देतो. "तुमची जाडजूड पन्नास झाडे तेवढी द्या, बाकीची वाढू द्या," असे सांगणारा व्यापारी भेटतो. ती विरळणी नव्हे. त्याने चांगली झाडे जातात आणि खुरटी मागे राहतात. खुरटे झाड वय झाल्यावरही खुरटेच राहण्याचा संभव असतो.

पहिल्या विरळणीच्या मालाला फार किंमत येत नाही, हे आधीच समजून घ्यावे. मांडव, टोमॅटोचा आधार, गोठ्याचे वासे यांसाठी तो चालतो. कोवळ्या लाकडात पांढरा भाग जास्त असल्याने त्याला वाळवी व भुंगेरे लागतात. म्हणून औषध लावल्याशिवाय ते कुंपणाला पुरू नये. या विरळणीची खरी कमाई मागे उरलेल्या झाडांत असते.

तोडलेल्या बुंध्यांना धुमारे फुटतात. ते वेळच्या वेळी काढावेत, नाहीतर पुन्हा गर्दी होते.

उशीर झाला असेल तर

बारा-पंधरा वर्षे विरळणीच न झालेली रानेही पुष्कळ आहेत. अशा ठिकाणी घाईने निम्मी झाडे एकदम काढू नयेत. दाटीत वाढलेले झाड बारीक आणि उंच असते. आधार गेला की ते वाऱ्याने लवते किंवा मोडते. एकदम ऊन पडल्याने खोडावर जागोजागी पाणफुटी येते व लाकडात गाठी होतात. एका वेळी पाव ते एक तृतीयांश झाडे काढावीत, दोन वर्षे थांबून पुन्हा काढावीत, आणि वाऱ्याच्या बाजूच्या दोन ओळी शेवटपर्यंत दाट ठेवाव्यात.

परवानगी आधी, करवत नंतर

साग आपल्या मालकीच्या जमिनीत, आपण स्वतः लावलेला असला तरी तो महाराष्ट्र झाडे तोडणे (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत आहे. विरळणी हीसुद्धा तोडच असते. तेव्हा आधी वन खात्याच्या कार्यालयात वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. सातबारा, नकाशा आणि झाडांची यादी तयार ठेवावी. सातबाऱ्यावर लागवडीची नोंद पहिल्या वर्षीच करून घेतली तर पुढचे हेलपाटे वाचतात. शेजारी वनहद्द असेल तर हद्दीच्या खुणा पक्क्या करून घ्याव्यात. माल रानाबाहेर काढण्यास वाहतूक परवाना लागतो. आदिवासी खातेदारांच्या झाडांच्या विक्रीसाठी १९६९ चा स्वतंत्र कायदा आहे, त्याची माहिती त्यांनी आधी घ्यावी. व्यापारी "कागदपत्रे मी बघतो" म्हणाला तरी कागदावर सही आपली असते, हे विसरू नये.

अखेरची तोड आणि विक्री

वीस वर्षे झाली म्हणून तोडावे, असे नाही. केरळातील निलंबूर येथे १८४० च्या दशकात सागाची लागवड सुरू झाली. तिथल्या वन खात्याच्या लागवडी पन्नास-साठ वर्षे राखण्याचा प्रघात आहे. शेतकऱ्याला इतके थांबणे परवडत नाही, पण घेर छत्तीस इंचांच्या पुढे जाऊ देणे बहुधा शक्य असते. पैशाची नड असेल तर सगळे रान न विकता विरळणीचा एक हप्ता पुढे घ्यावा.

झाड पाडताना ज्या बाजूला पाडायचे तिकडे खोडाच्या जाडीच्या पाव भागापर्यंत खाच घ्यावी. मग विरुद्ध बाजूने, खाचेच्या तळापेक्षा दोन बोटे वरून करवत चालवावी आणि मध्ये थोडे लाकूड बिजागरीसारखे राहू द्यावे. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात दुसरे माणूस नसावे. जवळ विजेच्या तारा असतील तर महावितरणला कळवल्याशिवाय तोड करू नये. बुंधा जमिनीलगत व गुळगुळीत कापावा. त्यावर येणाऱ्या धुमाऱ्यांतला एक सरळ धुमारा राखला की दुसरे पीक उभे राहते.

ओंडके सरसकट एकाच लांबीचे करू नयेत. जिथे बाक आहे तिथे काप घ्यावा, म्हणजे सरळ भाग सरळ मिळतो. टोकांना रंग लावावा आणि माल सावलीत, जमिनीवर न टेकवता रचावा. नाहीतर तो तडकतो. घेराप्रमाणे वर्गवारी करून प्रत्येक ओंडक्यावर क्रमांक टाकावा, वहीत माप लिहावे, निदान दोन-तीन व्यापाऱ्यांकडून घनफुटाचा दर घ्यावा. चौथाई घेराच्या हिशोबात खऱ्या घनफळापेक्षा सुमारे एकवीस टक्के कमी लाकूड धरले जाते. ही रूढ सूट आहे. म्हणून सालीची वजावट झाल्यावर "घट" म्हणून आणखी काही कापू देऊ नये.

आमच्या काकांच्या रानात आता बुंध्यांच्या धुमाऱ्यांवर दुसरा साग उभा आहे. पाचव्या वर्षी काकांनी स्वतः पांढरा रंग आणि ब्रश घेऊन राखायची झाडे निवडली आणि रीतसर परवानगी काढून निम्मी काढली. तोड चालू असताना ते बांधावर बसून होते. संध्याकाळी मला म्हणाले, "हे तेव्हाच करायला हवे होते." आपल्यावर तसे म्हणण्याची पाळी येऊ नये, म्हणून हे सांगितले. येत्या पावसाळ्याच्या अखेरीस फीत आणि रंगाचा डबा घेऊन आपल्या सागात एक फेरी मारा, एवढीच विनंती करून मी थांबतो.